डाव्या बर्नरमधलं बिऱ्हाड

मी शेगडी बोलतेय. गॅसची, दोन बर्नरची, राळेगावच्या प्रभावतीबाईंच्या ओट्यावरची. डावा बर्नर मोठा, उजवा लहान. तुमच्या घरी काचेची असेल, चार बर्नरची, नॉब फिरवला की आपोआप पेटणारी. असू द्या बाप्पा! मला लायटर लागतो, आणि लायटरही एका दमात ऐकत नाही. पण मला बोलायचंय, आणि आज ऐकणारं कोणीतरी सापडलंय, तर आता उठू नका.

एकटं राहिलं की बोलायची सवय सुटते म्हणतात. माझं उलटं झालं. सकाळचा चहा, दुपारचा मूठभर भात, संध्याकाळी उरलेली भाजी गरम करणं, एवढंच काम उरलं आणि मनातलं बोलणं वाढत गेलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता यायचं नाही. पहिली आठवण आहे ती यवतमाळच्या एका भांड्यांच्या दुकानातली. देवराव आले होते. पोस्टमन माणूस, सायकलवरून खेडोपाडी टपाल वाटून रापलेला. त्यांनी माझे नॉब इतक्यांदा फिरवून पाहिले की दुकानदार वैतागला. “भाऊ, लगन लावाचं हाय का तिच्यासंग?” तो म्हणाला. देवराव हसले नाहीत. “घरी बायको हाय, लहान पोरगी हाय. पाहूनच नेईन,” म्हणाले.

एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टरनं खाली ठेवायला सांगितलं, तर म्हणाले, “राहू द्या साहेब, घरचं माणूस हाय.” वीस वर्षं होत आली त्याला. त्यानंतर मला कोणी तसं म्हटलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या शकुबाई नारळ आणि कुंकू घेऊन धावत आल्या. नव्या वस्तूला आधी टिळा लावायचा, नारळ फोडायचा, हा त्यांचा नेम. देवरावांनी नारळ घेतला, कानाजवळ हलवून पाहिला आणि बायकोच्या हातात दिला. “चटणी कर याची. आपल्या घरात शकुन-अपशकुन चालत नाही.” शकुबाई फणकारल्या. चटणी मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्ली.

या घराचा बाणाच तो होता. देवरावांच्या वडिलांनी धम्म घेतला, त्याच दिवशी नजर, उतारा, अंगारा, सगळं वेशीबाहेर गेलं होतं. प्रभावतीबाई तर अंगणवाडी सेविका. तीस वर्षं त्यांनी गावातल्या आयांना एकच सांगितलं, “काळा टिक्का लावून पोट्टं वाढत नाही बाई, काट्यावर ठेवून वजन कर त्याचं.” ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ते दिवस माझे होते. डाव्या बर्नरवर ज्वारीच्या भाकरी टम्म फुगायच्या. हिवाळ्यात लहानग्या अर्पिताच्या आंघोळीचं पाणी त्यावरच तापायचं. ती टॉवेल गुंडाळून माझ्यासमोर हात शेकत उभी राहायची आणि आई ओरडायची, “सरक मांगं, भाजशीन!” बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायची खीर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, याच बर्नरवर शिजायची. तिचा वास मला दोन दिवस पुरायचा.

माणसांच्या सवयी मी फार जवळून पाहिल्या आहेत. दूध ठेवायचं, ‘आलोच’ म्हणून दारात गप्पा मारायला जायचं आणि दूध उतू गेलं की माझ्याकडे रागानं पाहायचं. नाचता येईना, अंगण वाकडं! देवरावांनी सगळा तालुका सायकलवर पालथा घातला, पण दुधाजवळ दोन मिनिटं उभं राहणं त्यांना जन्मभर जमलं नाही. मी तेव्हा फार चिडायचे. आता वाटतं, उतू जाऊ द्या एकदा. उतू जायला आधी गंजभर दूध तर हवं ना.

अर्पिताचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. जावई नयन तिथं एका शाळेत मास्तर. पुढच्याच हिवाळ्यात देवराव एके दुपारी सायकल भिंतीला लावून घरात आले, पाणी मागितलं, आणि पेला तोंडाशी जायच्या आधीच गेले. पेला माझ्या शेजारीच ओट्यावर राहिला. तो उचलायला प्रभावतीबाईंना चार दिवस लागले.

मग डाव्या बर्नरचं काम संपलं. एका माणसाच्या भाकरीला मोठा जाळ कायले? बाई उजव्यावरच सगळं भागवू लागल्या. आठ-आठ दिवस डाव्याला हात लागत नव्हता. सांगते तुम्हाला, पूर्ण विझणं परवडलं, पण अर्ध्या अंगानं जगणं फार वाईट. उजवीकडे चहा उकळायचा आणि डावीकडे मी थंडगार पडून असायचे.

मागच्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, ती आली.

कुंभारीण माशी हो. दोऱ्यासारखी बारीक कंबर, लांब पाय आणि तोंडात ओल्या मातीची गोळी. खिडकीच्या फाटक्या जाळीतून आत शिरली, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खालून वर आली. डाव्या बर्नरच्या नळीचं तोंड खालच्या अंगाला उघडं असतं. तिथून हवा आत येते, गॅसमध्ये मिसळते, म्हणून जाळ निळा पेटतो. त्या तोंडातून ती आत गेली आणि घर बांधायला बसली. जाते काय, येते काय, गुणगुणते काय! खोटं कशाला बोलू, माझ्या त्या थंड अंगात कोणाची तरी ये-जा सुरू झाली म्हणून मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. अर्पिताला दिवस गेले होते.

घरात पेढे वाटायला हवे होते, पण प्रभावतीबाई फोन ठेवून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. याआधी दोनदा असाच फोन आला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सारं संपलं होतं. आनंद करायचीही भीती वाटावी, असं ते होतं.

तेवढ्यात शकुबाई विरजण मागायला आल्या आणि त्यांना माशी दिसली. “अवं प्रभा! कुंभारीण घर करून राह्यली तुह्या शेगडीत! मोडू नोको बरं. जिथं कुंभारीण घर करते, तिथं पाळणा हालते.”

“काही बी सांगता शकुबाई. माशी हाय ते,” बाई म्हणाल्या.

शकुबाई विरजण घेऊन गेल्या. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी देवरावांचा फोटो आहे, तो ओट्यावरून दिसतो. बाईंनी त्या फोटोकडे पाठ केली, खाली वाकून माझ्या नळीत पाहिलं आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढून डाव्या नॉबला गुंडाळला. सवयीनं हात जाऊन जाळ लागू नये म्हणून! मग त्यांनी पदरानं ओटा पुसला, जणू काही केलंच नाही.

मला सगळं कळलं. कोणाला सांगणार होते मी?

तिसरा महिना गेला. चौथा गेला. पाचव्यात बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंकाची पुडी आणून डब्यात ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. अर्पिता येणार, तीन महिने राहणार, घरात बाळ रडणार. बाई एकट्याच माझ्याशी बोलायच्या, “इथं पाणी तापवू, इथं खीमट शिजवू.” मी मनात म्हणायचे, बाई, माझ्या नळीत माती बसलीय, पाणी तापणार कशावर? पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की मलाही वाटायचं, तापेल कसंतरी. मला एवढंच हवं होतं. त्या बाळाच्या पहिल्या आंघोळीचं पाणी माझ्या डाव्या बर्नरवर तापावं.

सातवा महिना लागला आणि नयन एकटाच घर पाहायला आला.

जावई पहिल्यांदाच असा एकटा आलेला. बाईंनी पाटोडीचा रस्सा करायचा घाट घातला. उजव्याच्या लहान जाळावर एवढी मोठी कढई कधी तापणार? बाई घुटमळल्या. मग दारातल्या जावयाकडे एकदा आणि दोऱ्याकडे एकदा पाहून त्यांनी दोरा सोडला आणि लायटर मारला.

मी जीव तोडून पेटायचा प्रयत्न केला हो! पण हवा आत येईना. ‘फट्’ करून मोठा आवाज झाला, पिवळा, लांब जिभेचा जाळ वर आला, कढईच्या बुडाला काजळी धरली आणि घरभर गॅसचा वास सुटला. नयन उडी मारून आत आला आणि त्यानं सिलेंडर बंद केला. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

“आई, या शेगडीवर तुम्ही बाळंतपण करणार?”

“किती दिवसात लावलीच नव्हती. दोन दिवसात नीट होते.”

“तुमच्यावर भरोसा नाही असं नाही. पण दोनदा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. इथं काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू?”

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मला त्याचा राग आला नाही. बाईंनाही आला नसावा. त्या खाली पाहून म्हणाल्या, “आठ दिवसात शेगडी नीट करून दाखवते. मंग त धाडसान ना पोरीले?”

“नीट झाली की पाहू,” तो म्हणाला. पाटोडी अर्धवटच राहिली. तो उजव्यावरचा चहा पिऊन परत गेला.

बाजाराच्या दिवशी बाई स्वतः जाऊन धनसिंगला घेऊन आल्या. पांढरकवड्याकडच्या तांड्यावरचा हा माणूस, मोटरसायकलला पेटी बांधून शेगड्या, कुकर दुरुस्त करत फिरतो. मोठ्या वयाच्या प्रत्येक बाईला तो ‘याडी’ म्हणतो, म्हणजे त्याच्या बोलीत आई.

“काय होते याडी?”

“जाळ पिवळा येते. काजळी धरते. फट्‌कन आवाज होते.”

“कवापासून?”

“आठ दिवस झाले,” बाई म्हणाल्या. अहो, सहा महिने झाले होते त्या मातीला! मी थक्क झाले. ही बाई खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिली.

धनसिंगनं दोन्ही बर्नर पेटवून पाहिले. उजवा निळा, डावा पिवळा. “एक चांगलं जळते, म्हंजे सिलेंडर बरा, रेग्युलेटर बरा, रबरी पाइप बी बरा. दोष डाव्यातच हाय,” तो म्हणाला. मनात म्हटलं, शाबास!

मग त्यानं साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. कुठं बुडबुडा आला नाही. पितळी टोपी काढली, टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं, पुसून बसवली, पेटवलं. पिवळाच. गॅस सोडणारं बारीक जेट काढून खिडकीच्या उजेडात धरलं. “छिद्र साफ हाय. यात लोक सुई घालते अन् छिद्र मोठं करून ठेवते, मंग आणखीनच बोंब. तू नाही घातली, चांगलं केलं याडी.” जेट परत बसवलं. पुन्हा पिवळा.

तो मांडी घालून बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. “गॅस त बराबर येऊन राह्यला. मंग हवा कुठं अडून राह्यली?”

बाई माठाजवळ उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. सांगा ना हो बाई! तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि हा बिचारा घाम गाळतोय. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आपल्या घरी मातीचं काय झालंय ते बोला की एकदा! बाईंनी माठावरचं झाकण सरळ केलं. मी तर काय, शेगडीच.

शेवटी धनसिंगनं मला उलटं केलं, दोन स्क्रू फिरवून डावी नळी बाहेर काढली आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. “आ रे! कुंभारणीचं घर हाय!” त्यानं पेटीतली तार काढली.

“थांब,” बाई एकदम ओरडल्या. “मोडू नोको.”

तो थांबला. मग एकदाचं त्यांच्या तोंडून निघालं. “म्या पाह्यलं होतं तिले बांधताना. मोडलं नाही. लोक म्हणते, पाळणा हालते म्हणून. तीस वर्स साऱ्या गावाले शिकवलं भाऊ, अन् स्वतःच्या पोरीची वेळ आली त भेली मी.”

धनसिंग हसला नाही. “भेली त काय झालं? माय हायस ना,” म्हणाला. मग त्यानं नळी बाईंच्या डोळ्यांसमोर धरून टॉर्च दाखवला. “पण याडी, हे घर त खाली हाय.”

“खाली?”

“हे पाह्य भोक. पिल्लं मोठे झाले की असं फोडून निघून जाते. लय दिवस झाले असन.”

बाईंनी नळी हातात घेतली. “अन् त्यायची माय?”

“ते त पहिलेच जाते. घर बांधते, आत पिल्लायचं खाणं भरते, तोंड लिंपते अन् जाते. पिल्लाले माय दिसत नाही, मायले पिल्लू दिसत नाही.” त्यानं हे तार पुसता पुसता सांगितलं, रोजचं असल्यासारखं. मला मात्र धक्का बसला. ती पिल्लं केव्हा गेली, मला कळलंसुद्धा नव्हतं. इतके महिने मी रिकामं घर सांभाळत बसले होते.

बाई खिडकीशी गेल्या. परत येऊन म्हणाल्या, “आण ते तार. मीच मोडते.” त्यांनी माती खरवडून काढली आणि मागच्या दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली. धनसिंगनं नळी बसवली, स्क्रू कसे काढायचे ते त्यांनाही करून दाखवलं आणि लायटर मारला.

निळा! गोल, शांत, दातांच्या सरळ ओळीसारखे सगळे जाळ एका उंचीचे. अंगात जीव येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. धनसिंगचा चहा डाव्या बर्नरवर झाला. तो गेल्यावर बाईंनी गंजभर पाणी ठेवलं, कशासाठी तर कशासाठीच नाही, आणि उकळेपर्यंत पाहत बसल्या. मग देवरावांच्या फोटोसमोर जाऊन म्हणाल्या, “हासा आता. मनसोक्त हासा.”

संध्याकाळी त्यांनी अर्पिताला व्हिडिओ फोन लावला आणि माझा जाळ दाखवला. “पाह्य, कसा निळा जळते! सांग नयनले. कवा येतं मंग?”

अर्पिता पलंगावर पडून होती. “आई, आजच डॉक्टरनं सांगितलं. प्रवास नाही करायचा. उठायचंसुद्धा नाही.” मग रडायला लागली. “मला तुझ्याकडे यायचं होतं गं.”

बाईंनी जाळ कमी केला. “रडू नोको. पडून राह्य. मी येते तुह्याकडे.”

तीन दिवसांत बाई निघाल्या. दुपटी घेतली, डिंकाचे लाडू घेतले. ते लाडू माझ्या डाव्या बर्नरवर झाले, तेवढंच माझं बाळंतपण. रेग्युलेटर बंद केला, मला ओल्या फडक्यानं पुसलं, किल्ली शकुबाईंकडे दिली. एसटीत मांडीवर बसून आलेली मी, मला कोणी ‘चल’ म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं?

त्यानंतरचे साडेतीन महिने मी कसे काढले, ते विचारू नका. बंद घर, बंद खिडक्या, यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा. दुपारी मी न पेटताच तापायचे. हसू येतं ना? मला नव्हतं येत. सकाळी चहाची वेळ झाली की मी वाट पाहायचे, आणि वेळ निघून जायची. पालींशी मी कधी बोलत नव्हते, तेव्हा बोलायला लागले.

शकुबाई रोज संध्याकाळी मागच्या दारातल्या कढीपत्त्याला पाणी घालायला यायच्या. एप्रिलमध्ये एकदा कुलूप काढून आत आल्या, स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि रिकाम्या घराला मोठ्यानं म्हणाल्या, “अवं, पोरगी झाली अर्पितेले! दोघीबी बऱ्या हाय!” सांगायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यांनी भिंतींना सांगितलं. ऐकलं फक्त मी. त्या गेल्यावर मला पेटावंसं वाटलं, इतकं की काय सांगू. सिलेंडर बंद होता.

मे महिन्यात पुन्हा तीच गुणगुण ऐकू आली. कोरड्याठाक गावात ओली माती होती ती फक्त आमच्या कुंडीत. तिथूनच गोळी घेऊन कुंभारीण यायची. तीच माती हो, जी बाईंनी माझ्या नळीतून खरवडून टाकली होती! ती बंद खिडकीच्या फटीतून, त्याच फाटक्या जाळीतून आली, माझ्या डाव्या नळीत शिरली, दहा-बारा दिवस खपली, तोंड लिंपलं आणि गेली. या वेळी मला ठाऊक होतं की ती परत येणार नाही.

जूनमध्ये कुलूप उघडलं. बाई आल्या, मागून अर्पिता आली, आणि अर्पिताच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं ते इवलंसं तोंड. नयन त्यांना सोडून लगेच परतला. आठ दिवस ठरले होते, मोजून आठ.

“पहिले पोरीची आंघोळ,” बाई म्हणाल्या. रेग्युलेटर लावला, मोठा गंज भरून डाव्या बर्नरवर ठेवला आणि लायटर मारला.

फट्! पिवळा जाळ, काजळी. बाळ दचकून रडलं.

बाईंनी क्षणात नॉब बंद केला, खिडकी उघडली. त्यांना कोणाला बोलवायची गरज पडली नाही. सिलेंडर बंद करून मला उलटं केलं, दोन स्क्रू, नळी बाहेर, टॉर्च आत. पाहिलं आणि हात तसाच राहिला.

“काय आहे गं?” अर्पितानं विचारलं.

“कुंभारणीचं घर.”

“मग फोड ना. तार आणू का?”

“तोंड लिंपून हाय,” बाई म्हणाल्या. “भोक नाही पडलं अजून. आत पिल्लं हाय.”

अर्पिता हसली. “आई, तूसुद्धा? शकुन पाहायला लागलीस का? बाबा असते तर...”

“शकुन कायचा वं? ज्याच्यासाठी शकुन पाहाचा, ते त तुह्या मांडीवर हाय.” बाईंनी नळी हळूच, वाकडी न करता, जागेवर बसवली. “पण घरात एक बाळंतीण आली असताना दुसरीचं घर फोडू का मी?”

बाईंनी शिवणाचा डबा उघडला आणि डाव्या नॉबला पांढरा दोरा गुंडाळला. या वेळी देवरावांच्या फोटोकडे तोंड करून.

पाणी उजव्या बर्नरवर ठेवलं. लहान जाळ, मोठा गंज. तापायला पाऊण तास लागायचा. रोज लागायचा. तेवढा वेळ अर्पिता बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर पाटावर बसायची, बाई लसूण सोलायच्या, आणि दोघी बोलायच्या. आधीची दोन बाळं गेली, तेव्हा काय वाटलं होतं, ते अर्पितानं आईला त्या पाटावर बसून पहिल्यांदा सांगितलं. डावा बर्नर सुरू असता तर पाणी पंधरा मिनिटांत तापलं असतं आणि ती उठून गेली असती. माझ्या उजव्या बर्नरला मी जन्मभर कमी समजत आले होते. त्याची मी माफी मागते.

आठ दिवस झाले. नयन आला, त्यानं बाळाला उचललं. निघताना अर्पिता ओट्याजवळ आली आणि माझ्या काठावरून हात फिरवला, उगाच. बाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, “पोचल्यावर फोन कर. पुन्हा येशीन त आधी सांगून ये, गंज घासून ठेवते.” गाडी गेली. संध्याकाळी एक कप चहा झाला.

आता खिडकीतून दिसणारं सोयाबीन गुडघ्याला लागलंय. घरात पुन्हा बाई आणि मी. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी त्या खाली वाकून माझ्या नळीच्या तोंडाशी टॉर्च धरतात, भोक पडलं का पाहतात आणि हळू आवाजात म्हणतात, “जासान त जा. पण सांगून जा बरं.” मला माहीत आहे, ती पिल्लं सांगून जाणार नाहीत. बाईंनाही माहीत आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कधी राळेगावला आलात, तर बसस्टँडजवळ देवराव पोस्टमनचं घर विचारा, कोणीही दाखवेल. बाई चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. डावा बर्नर सध्या बंद आहे, चहा उजव्यावर होईल आणि त्याला वेळ लागेल. घाईत आहे म्हणून उठू नका. चहा होईपर्यंत तेवढं बसा.